उलटं वाढलेलं पान

१

मंगळवारी सकाळी पावणेसातला तेजस्वी चहाचे दोन कप घेऊन सैपाकघरात शिरली, तेव्हा राजश्रीबाई चुलीसमोर आडव्या पडल्या होत्या. एक हात अंगाखाली दबलेला, दुसरा पाटाकडे लांब केलेला. पाटासमोर केळीचं पान होतं. भाताची मूद, वरण, भाजी, चटणी, सगळं वाढून तयार. शेजारी समई जळत होती आणि मागीलदार सताड उघडं होतं.

तिनं कप खाली ठेवले, बाईंच्या नाकाशी बोट धरलं. श्वास होता. तेवढं कळल्यावर तिची नजर पानाकडे गेली, आणि याची तिला पुढे बरेच दिवस लाज वाटली. पण करणार काय, पोटच त्यावर चालत होतं. सिनेमात एका शॉटमध्ये कप कुठं होता, पदर कुठल्या खांद्यावर होता, हे दुसऱ्या शॉटपर्यंत लक्षात ठेवायचं काम तिचं. कंटिन्युइटी म्हणतात त्याला. चुकलं की सगळे हिच्या नावानं ओरडतात, बरोबर आलं की कुणाच्या लक्षातही येत नाही.

पान उलटं होतं. शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला हवा, तो उजव्या हाताला. चटणी-लोणचं उजवीकडे, भाजी डावीकडे. समई भलत्याच बाजूला. आणि पाण्याचा तांब्या, जो नेहमी पानाच्या कडेला असायचा, तो समोर दोन विती अंतरावर मधोमध ठेवलेला.

हे तिसरं पान होतं. रविवारी एक सापडलं, सोमवारी एक. दोन्ही वेळा शूटिंगच्या सामानवाल्यांनी शिव्या खाल्ल्या होत्या, आणि आम्ही हातसुद्धा लावला नाही म्हणून देवाच्या शपथा घेतल्या होत्या.

हाकाटी झाली तशी माणसं धावली. घराचे मालक आप्पा उंबऱ्यापर्यंत आले आणि तिथंच थांबले. स्वतःच्या घरात त्यांचं पाऊल पुढे पडेना.

"ह्ये कोणी वाढलंन?" त्यांनी विचारलं. "आमच्यात गेलेल्या माणसाला वाढतात पान असं. म्हाळाच्या दिवशी. माजा पोरगा विनोद बोटीवर हाय. आठ दिस झाले, फोन नाय त्याचा. आनि माज्या घरात ह्ये पान?"

तेवढ्यात माजघरातून केसांची-मेकपची मालन ओरडली. राजश्रीबाईंची ट्रंक उघडी होती. आतलं हिरवं लुगडं नव्हतं, मोत्यांची नथ नव्हती.

राजश्रीबाईंनी डोळे उघडले. तेजस्वीचं मनगट त्यांनी घट्ट धरलं.

"मला न्यायला आली होती," त्या म्हणाल्या.

२

अडतीस वर्षांपूर्वी याच घरात, भाट्याच्या पुलापलीकडच्या याच आंब्याच्या कलमांच्या बागेत, 'आठवं पान' नावाचा सिनेमा झाला होता. थोरला मुलगा बोटीवर जातो आणि बोटीसकट नाहीसा होतो. घरात माणसं सात, पण आई रोज आठवं पान वाढते. आई मरते त्या दिवशी सून काही न बोलता उठते आणि आठवं पान स्वतः वाढते. तिथं थिएटरातली बायाबापडी हुंदके देऊन रडायची म्हणे.

ती सून म्हणजे राजश्री, तेव्हा बावीस वर्षांची. धाकट्या मुलाचं काम हर्षदनं केलं होतं. सिनेमानं हर्षदला मुंबईत नेऊन नट केलं, मोठा नट केलं. राजश्रीला वाट बघणाऱ्या बायकांची तीन कामं मिळाली, मग दोन, मग एकही नाही. ती सावर्ड्याला परत आली आणि शाळेत मराठी शिकवू लागली. आईचं काम केलेल्या गंगूबाई सिनेमा लागायच्या महिनाभर आधीच वारल्या. त्यामुळे तीन दिवस युनिटमध्ये एकच कुजबुज होती, की म्हातारी स्वतःची भूमिका मागायला आली आहे.

कारण या वेळी नव्यानं होणाऱ्या 'आठवं पान'मध्ये आईचं काम राजश्रीबाईंना मिळालं होतं. साठाव्या वर्षी, घरी बसलेल्या असताना. त्यांच्याच वर्गात बाकावर बसून तेजस्वी शिकली होती. वह्यांच्या समासात चित्रं काढणाऱ्या या मुलीला "तुझी नजर चांगली आहे, नजरेचं काम कर," असं सांगणारी ही एकच बाई. करार झाला त्या दिवशी बाईंनी तेजस्वीला फोन केला होता आणि पाच मिनिटं नुसत्या हसत होत्या.

डॉक्टर येऊन गेले. रक्तदाब घसरला, विश्रांती द्या, म्हणाले. पडवीत दिग्दर्शक निलेशनं कपाळाला हात लावला. आप्पांनी संध्याकाळपर्यंत घर मोकळं करून मागितलं होतं. आणि हर्षद, जो या सिनेमाचा निर्माताही होता आणि त्यात बापाचं कामही करत होता, तो शांतपणे म्हणाला, "राजश्रीला घरी पाठवू. चार वाजता जीप. मालिकेतली एक बाई मी बघून ठेवलीय. नवीन माणूस आला, पूजा घातली, की आप्पाही ऐकतील."

"बघून ठेवलीय? कधी?" तेजस्वीनं विचारलं.

हर्षदनं तिच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. "काल संध्याकाळी," तो म्हणाला.

म्हणजे बाई पडायच्या आधी.

३

चारपर्यंत वेळ होता. तेजस्वीनं वही काखेत मारली आणि आधी मालनला गाठलं.

मालन रत्नागिरीचीच, पन्नाशीची. तीस वर्षं दुसऱ्यांचे अंबाडे घालत आली आणि दर सिनेमात दिग्दर्शकाला सांगत आली, मला एक म्हातारीचं काम द्या. हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे तिच्याकडे बोटही लवकर वळलं होतं.

"माज्यावर आळ घेतात तो घेऊंदे," ती म्हणाली. "पन मी काल बगितलंय तिला. फटफटत होतं. मी नळावर चालले होते, तर मागीलदारी हिरव्या लुगड्यातली बाई उभी. पाठ नाय गो, तोंड माज्याकडं. आनि नथ उजव्या नाकपुडीत."

"उजव्या? तुला समोरून उजवी, की तिची उजवी?"

"तीस वर्षं नथी घालतंय मी बायकांना. तिची उजवी. पदर पन भलत्याच खांद्यावरून. जित्या बाईचं असं असतं काय? मेलेल्याचं सगळं उलटं." तिनं अंगावर आलेला काटा दाखवला. मग आठवून म्हणाली, "आनि माजी काळी पेन्सिल पन गेलीय कुटं. भुवयांची."

हर्षद कलमांच्या सावलीत खुर्ची टाकून बसला होता. तो चिडला नाही, उलट जरा थकल्यासारखा दिसला.

"मी त्या बाईला फोन केला, कारण राजश्री सोमवारी संवाद विसरली. तीन वेळा. मला सिनेमा पुरा करायचाय, बाळ. गेले चार पडलेत माझे." त्यानं हाताचा तळवा पुढे धरला, त्यावर बोटानं पान काढलं. "त्या सिनेमात असल्या पानावर मी अकरा टेक जेवलोय. मीठ इथं, लिंबू इथं, चटणी या अंगाला. झोपेत वाढीन मी ते पान, आणि बरोबरच वाढीन."

त्याचं बोट तळव्यावर अगदी योग्य जागी फिरलं होतं. तेजस्वीनं वहीत तसं लिहून घेतलं.

राहिली सानवी. नवी सून. वाढली दुबईत, जेवली टेबलावर, मराठी आईकडून फोनवर शिकलेली. एक सिनेमा आला आणि आठवड्यात उतरला, तेव्हापासून लोक तिला चेहरा बरा आहे एवढंच म्हणत. शनिवारी वाढायच्या तालमीत तिनं डाव्या हातानं भात घातला होता आणि निलेश सगळ्यांदेखत गरजला होता. "डाव्या हातानं वाढतात का कुणी? जुना सिनेमा बघ जा. त्यात आहे तस्संच कर, स्वतःचं डोकं चालवू नकोस." सेट खो खो हसला होता आणि सानवी तोंड धुवायला म्हणून गेली ती अर्ध्या तासानं आली होती.

आता ती खाटेवर पाय पोटाशी घेऊन बसली होती.

"राजश्रीताई कशा आहेत?" तिनंच आधी विचारलं.

"शुद्धीवर आहेत. चारच्या जीपनं जातायत."

सानवीचा चेहरा उतरला. "माझ्यामुळे," असं काहीतरी ती पुटपुटली आणि लगेच म्हणाली, "म्हणजे मी एवढी वाईट करते, त्यांनाच ताण आला असेल."

दारात बागेतल्या गड्याची मुलगी वही घेऊन सहीसाठी उभी होती. सानवीनं पेन घेतलं आणि झरझर सही केली. तेजस्वी त्या हाताकडे बघत राहिली. सही उजव्या हातानं झाली होती.

४

राजश्रीबाई माजघरात पडून होत्या. बाहेर वारा पडला होता आणि बागेत एक कावळा तेवढा ओरडत होता. सकाळचं पान कुणी उचलायला धजावलं नव्हतं, त्यावरचा भात त्यानंच विस्कटला होता.

"बाई, कोण आली होती? गंगूबाई?"

"गंगूबाई कशाला येतील मला न्यायला? त्यांना मी कधीच आवडले नव्हते." बाई हसल्यासारख्या झाल्या. मग त्यांनी डोळे मिटले. "मीच आले होते, तेजू."

तेजस्वी त्यांच्याजवळ सरकून बसली.

"मी चुलीपाशी आले. ती पाटाशी वाकून वाढत होती. माझं त्या सिनेमातलं लुगडं, माझी नथ. गालावर माझा तीळ. वर बघितलंन माझ्याकडे. बावीस वर्षांची होते मी. अगदी तशीच, मेकपच्या खोलीत आरशात दिसायचे तशी." बाईंचा आवाज बारीक झाला. "माझी आई सांगायची, माणूस स्वतःला समोर बघतं ते शेवटीच. म्हणून जाते मी घरी. इथं मरून तुमचं काम नको अडवायला."

तेजस्वीच्या डोळ्यांसमोर बाईंचा डावा गाल होता. त्यावर तीळ होता, आता जरा सुरकुतलेला.

"तीळ कुठल्या गालावर होता तिच्या?"

"सांगितलं ना. आरशात दिसतो त्या."

तेजस्वी उठली. बाईंच्या उशाशी मालनचा हातआरसा पडला होता. तो तिनं उचलला, सैपाकघरात गेली, आणि तिन्ही सकाळी जे पान सगळ्या युनिटनं भीतभीत बघितलं होतं त्याच्याकडे पाठ करून ते आरशात बघितलं.

आरशात पान सरळ होतं. शेंडा डावीकडे, चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे, समई जागच्या जागी. कुठंच काही चुकलं नव्हतं.

फक्त तांब्या अजून मधोमध होता. तिनं वाकून बघितलं. तांब्याला लागून शेणानं सारवलेल्या जमिनीवर एक बारीक, सरळ, बोटभर लांबीची खूण उठली होती. कसल्यातरी पातळ वस्तूची कड टेकवून ठेवल्यासारखी.

तिनं घड्याळ बघितलं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

५

साडेतीनला सैपाकघरात सगळे जमले. आप्पा उंबऱ्याबाहेरच उभे होते. राजश्रीबाई बॅग भरून भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"भीती दाखवायची असती तर नुसतं पान उलटं केलं की काम झालं असतं," तेजस्वी म्हणाली. "पण नथ उलटी, पदर उलटा, तीळ उलट्या गालावर. एवढं सगळं एकाच बाजूला कोण उलटवेल? मालनताई चुकूनसुद्धा नथ त्या नाकपुडीत घालणार नाही, हातच वळणार नाही तिचा. हर्षदसर तसल्या पानावर अकरा वेळा जेवलेत, त्यांनी मघाशी तळहातावर बरोबर पान काढून दाखवलं. आप्पांचा मुलगा समुद्रावर आहे, ते असलं पान स्वप्नातही वाढणार नाहीत. म्हणजे हे ज्यानं केलं, त्याला हे उलटं आहे हेच माहीत नव्हतं. तो भूत होत नव्हता. तो शिकत होता."

"कुठून?" निलेशनं विचारलं.

"तुम्हीच सांगितलंत, सर. जुना सिनेमा बघ आणि तस्संच कर." ती सानवीकडे वळली. "सानवी, तुझ्या फोनवर आहे ना तो?"

सानवीनं फोन काढला आणि पुढे केला.

तेजस्वीनं तो सगळ्यांना दिसेल असा धरला. रंग उडालेलं चित्र, हेच सैपाकघर, आणि त्यात बावीस वर्षांची राजश्री डाव्या हातानं भात वाढत होती. आप्पा उंबऱ्याबाहेरून मान लांब करून बघत होते. तेच पहिले बोलले.

"मागीलदार तिकडं कशाला गेलंय? आमचं दार ह्या अंगाला हाय."

"चोरून इंटरनेटवर चढवलेली कॉपी आहे, आप्पा. पकडली जाऊ नये म्हणून हे लोक सगळं चित्रच फिरवून टाकतात, आरशात बघितल्यासारखं. पाट्या नाहीत, अक्षरं नाहीत, श्रेयनामावली कापलेली. घर ज्याच्या ओळखीचं नाही त्याला कसं कळणार? उजव्या हाताची मुलगी शनिवारी डाव्या हातानं का वाढत होती, ते मला आज सही बघून कळलं. तांब्याला टेकवून ती फोन ठेवायची, समोर दिसावा म्हणून."

सानवी खाली बसली.

"मला वाटलं, ताई डावखुऱ्या आहेत. सर रागावले तेव्हा मला कळेचना, सिनेमात तर तसंच आहे," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर परत हसं नको होतं, म्हणून पहाटे यायचे. लुगडं अंगावर आलं की हात आपोआप तसा चालेल असं वाटलं. फोनमध्ये बघून नेसले, पेन्सिलनं तीळ काढला. परत ठेवणारच होते. रोज ठेवत होते. आज ताई आल्या, माझ्याकडे बघितलं आणि पडल्या. मला वाटलं, गेल्या. मी पळाले." तिनं पडवीतल्या आंब्याच्या पेट्यांकडे बोट दाखवलं. "तिसऱ्या पेटीत आहे, पेंढ्याखाली. सकाळपासून सांगायचं होतं. पण हा सिनेमा गेला तर मला तिसरा कोणी देणार नाही."

मालन जाऊन पेटी घेऊन आली. पेंढ्यातून हिरवं लुगडं निघालं, त्याच्या घडीत नथ आणि अर्धी झालेली काळी पेन्सिल. आप्पांनी भिंतीला हात टेकला आणि मोठा श्वास सोडला.

हर्षद खाकरला. "हे सगळं ठीक आहे. पण राजश्री, तुझी तब्येत..."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

६

राजश्रीबाईंनी हर्षदकडे बघितलंही नाही. त्या सानवीकडे बघत होत्या. वर्गात एखाद्या मुलीनं कॉपी केलेली सापडली की बघायच्या तसं. तेजस्वीला ती नजर ओळखीची होती.

"किती वेळा बघितलास तो प्रसंग?" बाईंनी विचारलं.

"मोजलं नाही, ताई. दीडशे. जास्त असेल. तुम्ही मीठ वाढता, मग थांबता आणि दाराकडे बघत नाही. सगळ्यांना वाटतं आता बघतील, आणि तुम्ही बघत नाही. ते मला येत नाही."

बाईंनी लुगडं मांडीवर घेतलं, घडी मोडली, पुन्हा घातली.

"इतकी वर्षं मी वर्गात मुलांना सांगत आले, की मी एकदा सिनेमात होते," त्या म्हणाल्या. "मुलं विचारायची, कुठला? नाव सांगितलं की गप्प व्हायची. मीठ वाढून मी दाराकडे बघितलं नाही, हे तेव्हाच्या दिग्दर्शकानं नाही सांगितलं मला. हर्षद समोर बसला होता, त्यानंही नाही. गंगूबाईंना तर ते दिसलंच नसेल. मीच ठरवलं होतं ते." त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. "तुला दिसलं."

त्यांनी बॅग पायानं बाजूला सारली. "मालन, नवं पान आण. आप्पा, आत या. पान वाढलं की त्यावर कुणीतरी जेवावं. तुम्ही बसा, विनोद सुखरूप यावा म्हणून."

आप्पा उंबऱ्यावर क्षणभर थांबले, मग आत आले आणि पाटावर बसले.

सानवी लगबगीनं बाईंच्या समोर येऊन बसली.

"समोर नको," बाई म्हणाल्या. "समोरून शिकलीस म्हणून तर एवढं रामायण झालं. इकडं ये, माझ्या अंगाला लागून बस. मी जिकडं बघते तिकडं तू बघ."

त्यांनी सानवीचा उजवा हात मनगटाशी धरला. चिमूटभर मीठ पानाच्या वरच्या कडेला आलं. सानवीचा हात चुकला नाही. मीठ वाढून झाल्यावर दोघी एकदमच थांबल्या. उघड्या मागीलदारातून बागेतला वारा आत आला, समई हलली, आणि दोघींपैकी एकीनंही तिकडे वळून बघितलं नाही. मग लिंबाची फोड आली, मग आप्पांच्या डावीकडे चटणी.

हॉर्न दुसऱ्यांदा वाजला. हर्षद बराच वेळ पानाकडे बघत उभा होता. मग तो चपला घालायला वळला.

"कुठं चाललास?" राजश्रीबाईंनी मान न वळवता विचारलं.

"ड्रायव्हरला सांगतो," तो म्हणाला, "की आज कोणी जात नाहीये."